आडवा हात

पुलावरून गावाची दोन शकलं झाली, आणि तीही अशी की सख्खे साडू एकमेकांच्या दारात उभे राहीनात. झालं होतं एवढंच, की नदीवरचा जुना पूल इंजिनियरांनी तपासला, खालच्या खांबाला तडा दिसला आणि नगरपालिकेनं दोन्ही तोंडांना लोखंडी अडथळे लावून तो बंद करून टाकला. आता तो डागडुजी करून फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायचा, की पाडून गाड्यांसाठी रुंद बांधायचा, एवढाच काय तो प्रश्न. एवढाच आपला म्हणायला. अलीकडच्या दुकानदारांना ट्रक हवे होते, पलीकडच्यांना आपल्या दारावरून ट्रक नको होते, आणि ज्यांचं इकडेही अडत नव्हतं नि तिकडेही, ते सगळ्यांत मोठ्यानं बोंबलत होते. सलूनमधून एक गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी उठून गेले. नगरपालिकेच्या बैठकीत ओढाओढीत माइक तुटला. शेवटी तिथल्या शहाण्यांनी हात टेकले. म्हणाले, चिठ्ठ्या टाका. गावातली कुठलीही चाळीस माणसं काढा, शनिवारी-शनिवारी त्यांना एकत्र बसवा, ती ठरवतील ते आम्ही करू. तोवर पूल बंद.

त्या चाळिसांत मीटरकाकांचं नाव निघालं.

नाव निघालं ते सांगायला ही सभा चालवणाऱ्या बाईंनी फोन केला, तर काका म्हणाले, "मला काही घ्यायचं नाही," आणि ठेवला. बाईंनी पुन्हा केला. "माझ्याकडे पैसे नाहीत," काकांनी पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला बाई चिडून म्हणाल्या, "अहो, विकत नाहीये मी काही, तुमचं मत हवंय." यावर काका इतका वेळ गप्प राहिले, की फोन कट झाला असं समजून बाईंनीच ठेवला.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काकांचं मत कुणी मागितल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. सगळी नोकरी पाणीखात्यात गेली. दारात उभं राहायचं, "मीटर" अशी हाक द्यायची. कुणीतरी दार उघडायचं, मागच्या बोळाकडे बोट दाखवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. काकांनी वाकून आकडा टिपायचा, आल्या वाटेनं बाहेर पडायचं आणि दार ओढून घ्यायचं. कुणाचा नळ गळतो, कुणाच्या मोरीशी शेवाळ साचलंय, कुणाकडे नवरा-बायकोचं वाजलंय, सगळं त्यांना ठाऊक. पण अख्ख्या गावात असं एक घर नव्हतं जिथं ते खुर्चीवर टेकले असतील. पुढं मीटर आपले आपणच आकडे पाठवायला लागले. काका निवृत्त झाले. मग बायको गेली. ती होती तेव्हा दिवसभर तिच्या बडबडीनं काकांचं डोकं उठायचं, आणि आता ते रेडिओ लावून ठेवायचे, ऐकायचे नाहीत, नुसता लावून ठेवायचे.

लेक दूरच्या शहरात होती. रविवारी तिचा फोन यायचा. भांडी मांडणीत लावता लावता ती स्पीकरवर बोलायची.

"जेवलात?"

"हो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं मग, ठेवते हं बाबा."

लेक वाईट नव्हती हो. तिच्यामागं तिचा संसार, तिची नोकरी. पण भांड्यांचा आवाज बंद झाला की काकांना घर खायला उठायचं, ते पुढच्या रविवारपर्यंत.

सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये भरली. मासिकांची कपाटं भिंतीला सरकवून गोल टेबलं मांडली होती. काकांच्या टेबलावर एक नर्सताई होती, घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची ड्रेसिंगं करणारी. दुसरे फर्निचरशेठ. यांचं दुकान पुलाच्या अगदी तोंडाशी, त्यामुळं ट्रकवाल्या पार्टीचे म्होरके तेच. बाकी दोघं-तिघं मान डोलावणारी.

सभेच्या बाईंनी दोनच नियम सांगितले. पहिला असा, की आपलं बोलण्याआधी शेजारचा काय बोलला ते त्याचं समाधान होईल असं म्हणून दाखवायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मगच आपलं तोंड उघडायचं. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. पण फर्निचरशेठना पलीकडच्या एका आजोबांचं "ट्रकच्या धुरानं माझी बायको खोकते" एवढं एक वाक्य धड म्हणून दाखवता येईना. दरवेळी शेवटी "पण" यायचा. "पण नको," बाई शांतपणे म्हणायच्या, "फक्त ते काय म्हणाले ते सांगा." शेठना घाम फुटला.

दुसरा नियम मतदानाचा. हात वर म्हणजे मान्य. हात खाली म्हणजे अमान्य. आणि हात छातीसमोर आडवा धरला, तर त्याचा अर्थ, मला अजून समजलेलं नाही, माझ्याशी बोला. "एकही हात आडवा असेल तोवर आपण पुढं जायचं नाही," बाईंनी बजावलं. "कुणाला मागं टाकून घेतलेला निर्णय टिकत नाही. मी बघितलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला छानच वाटत होतं ते.

पहिल्या दिवशी नर्सताई बोलली. "माझे वडील पलीकडे एकटे राहतात. त्यांना विसरायला होतं. पूल होता तेव्हा मी दिवसातून दोनदा चालत जाऊन यायचे. आता दोन बस बदलून लांबच्या पुलावरून जावं लागतं, त्यामुळं एकदाच जमतं. मी गेले नाही तर ते जेवायचं विसरतात."

नंतरची पाळी काकांची. त्यांनी घसा साफ केला आणि ताईचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. दोनदा जाणं, दोन बस, जेवण, काही म्हणता काही सुटलं नाही. आकडा एकदा बघायचा आणि डोक्यात ठेवायचा, हीच तर सवय.

"हो, हेच," ताई म्हणाली. फर्निचरशेठ म्हणाले, "वा काका, टेपरेकॉर्डर आहात." काकांचे कान लाल झाले. शाळेत कधी शाबासकी मिळाली नव्हती ती अशी या वयात मिळाली.

मग त्यांना स्वतःचं बोलायचं होतं. त्यांनी तयारी काहीच केली नव्हती. म्हणाले, "माझं पलीकडे कुणी नाही. अलीकडेही तसं कुणी नाही. म्हणून पुलाचं काय करावं, मला सांगता येत नाही."

आता हे म्हणून दाखवायची पाळी फर्निचरशेठची. ते सुरुवातीला हसले, मग नाही हसले. "काका म्हणतात, त्यांचं पलीकडे कुणी नाही," ते सावकाश म्हणाले. "आणि अलीकडेही कुणी नाही." मग त्यांनी काकांकडे बघितलं. "बरोबर?"

काकांना "हो, हेच" म्हणायचं होतं. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून परत आलेलं त्यांनी बायको गेल्यापासून ऐकलं नव्हतं. ती खरं तर टोमणा मारायला म्हणून त्यांचं वाक्य परत म्हणायची, पण म्हणायची. काकांनी नुसती मान हलवली आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

तिथून पुढं काका शनिवारसाठी जगायला लागले. शुक्रवारी सदऱ्याला इस्त्री, सकाळी उठून दाढी. वाचनालय उघडण्याआधीच हे पायरीवर हजर. नगरपालिकेनं दिलेले खांबांचे, खर्चाचे, वाहतुकीचे कागद त्यांनी इतके वाचले, की स्वयंपाक करताना मोठ्यानं पुटपुटायचे. चहाच्या सुट्टीत फर्निचरशेठ त्यांना आपल्या व्याह्यांच्या कागाळ्या सांगायचे. नर्सताई त्यांच्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवायची आणि म्हणायची, "काका, बटण तुटलंय तुमचं, लावत का नाही?" काकांनी ते मुद्दाम लावलं नाही, पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा विचारावं म्हणून. हसू येईल तुम्हाला. एकट्यानं राहून बघा मग.

आणि सभा म्हणाल तर खरंच चालली. शत्रूचं म्हणणं आपल्या तोंडानं वारंवार म्हटलं की त्यातली धार बोथट होते. फर्निचरशेठनी आजोबांच्या बायकोच्या खोकल्याचं वाक्य एकदाचं "पण" न लावता म्हटलं, आणि त्यानंतर दोघं एकत्र सिगरेट प्यायला बाहेर गेले. खोकल्याचा विषय बाजूला ठेवून. काही शनिवार गेले आणि तोडगा आपसूक टेबलावर आला. जुना पूल तातडीनं दुरुस्त करून चालणाऱ्यांसाठी उघडायचा. ट्रकसाठी रुंद पूल बाजाराच्या खालच्या अंगाला, मोकळ्या जागेत, पुढं बांधायचा. इंजिनियर म्हणाले, सामान तयार आहे, हो म्हणा, दुसऱ्या दिवशी काम सुरू करतो. ज्यांनी माइक तोडला होता त्यांच्याही चेहऱ्यावर सुटलो बाबा एकदाचे असं दिसत होतं.

"मग हात दाखवूया?" बाई म्हणाल्या.

हॉलभर हात वर गेले. काकांनीही उचलला. तोडगा त्यांना पूर्ण पटला होता, समजायचं काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. पण हात उचलता उचलता त्यांच्या मनात आलं, म्हणजे पुढच्या शनिवारी काही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि हात छातीपाशीच थांबला. आडवा.

बाकीची एकोणचाळीस माणसं त्यांच्याकडे वळली.

"काकांना अजून समजलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा मात्र होता. "हरकत नाही. पुढच्या शनिवारी आपण काकांशी बोलू."

आणि बोलले की हो सगळे. पुढच्या शनिवारी इंजिनियर स्वतः काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, खांबाचं चित्र काढून दाखवलं. काकांनी विचारलं, पलीकडच्या पायऱ्या निसरड्या असतात, त्याचं काय? इंजिनियर म्हणाले, चांगला मुद्दा, धरायला दांडा लावू. त्याच्या पुढच्या शनिवारी काकांनी दिव्यांचं काढलं. मग पाणी साचण्याचं. प्रश्न शोधायला त्यांना अख्खा आठवडा मिळायचा, आणि आठवडाभर दुसरं काम काय होतं? दरवेळी शेवटी हात दाखवायची वेळ आली की एकोणचाळीस वर आणि एक आडवा.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. जन्मभर ज्यांनी मीटरकाकांना बोळ दाखवला ते आता रस्त्यात थांबवून विचारू लागले, "काय काका, कधी उठवताय हात?" ट्रकवाल्यांतल्या कट्टरांना वाटलं, हा बहाद्दर रुंद पुलासाठी अडून बसलाय, त्यांनी पेटीभर फळं घरी पाठवली. औषधवाल्यानं स्टूल पुढं केलं, "बसा ना." शेजारीण मात्र त्यांना बघून खिडकी लावून घ्यायला लागली, आणि एकदा दारावर कुणीतरी चिखल फेकून गेलं. काकांनी चिखल पुसला. खरं सांगायचं तर त्याचंही त्यांना फार वाईट वाटलं नाही. आपल्या दारावर चिखल फेकावासा कुणाला वाटतो, म्हणजे आपण इथं राहतो हे कुणाला तरी माहीत आहे. माणूस इतका भुकेला असला की त्याला काहीही गोड लागतं.

फर्निचरशेठनी एकदा चहाच्या वेळी डोळा मिचकावला. "काका, मला सांगा, मनात काय आहे नक्की?"

"समजून घेतोय," काका म्हणाले.

नर्सताई शेठवरच उखडली. "घेऊ दे ना समजून. काका उगाच नाही अडवायचे." आणि बिस्किट काकांच्या बशीत ठेवलं. हल्ली ती चहाच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून झोपायची, हे काकांनी बघितलं होतं. दमत असेल काम करून, असं म्हणून ते गप्प बसले होते.

मग एका शनिवारी बाईंनी वेगळंच काढलं. "आज काकांना कुणी काही समजावायचं नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं, की हे थांबणं आपल्याला कसं जातंय. आणि शेजाऱ्यानं ते म्हणून दाखवायचं."

फर्निचरशेठ म्हणाले, गिऱ्हाईक बंद आहे. कुणी म्हणालं, पोरांना शाळेला पोचायला उशीर होतो. मग नर्सताईची पाळी आली.

"माझे वडील पलीकडे एकटे राहतात," ती म्हणाली. "मला दिवसातून एकदाच जायला जमतं. काही वेळा तेही नाही. आता मी दारात गेले की ते आधी कोण म्हणून बघतात. मग थोड्या वेळानं ओळखतात. हा थोडा वेळ वाढत चाललाय. डॉक्टर म्हणतात, माणूस वरचेवर समोर आला पाहिजे, म्हणजे ओळख धरून राहते. बस, एवढंच."

पाळी काकांची होती.

"ताई म्हणतात," त्यांनी सुरुवात केली, "त्यांचे वडील पलीकडे एकटे राहतात. त्यांना दिवसातून एकदाच..."

आणि पुढं त्यांना सरकता येईना. हे त्यांनी आधी म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, एकही शब्द न गाळता, आणि शाबासकी घेऊन घरी गेले होते. घरी जाऊन आरशासमोर पुन्हा म्हणून बघितलं होतं, आपण किती छान बोललो म्हणून. बोललेलं सगळं डोक्यात राहिलं होतं आणि त्यातला म्हातारा मात्र एकदाही डोळ्यांसमोर आला नव्हता. पलीकडे कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलंय, आणि ते दार आपण छातीसमोर हात धरून बंद ठेवलंय, हे त्यांना आत्ता, या घडीला दिसलं.

"काका, पाणी देऊ?" ताईनं विचारलं.

काकांनी मान हलवली आणि हात वर केला. अगदी वर, खांदा दुखेपर्यंत. बाईंना आधी वाटलं त्यांना काही बोलायचंय. मग कळलं, आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. लोक उठून काकांशी हात मिळवायला आले. कुणी म्हणालं, तुमच्यामुळं दांडा मिळाला, दिवे मिळाले. कुणी म्हणालं, माणूस असावा तर असा. काकांना ओरडून सांगावंसं वाटलं, की मी एक लबाड म्हातारा आहे. पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं, सगळे फोटोसाठी ओळीनं उभे राहायला लागले होते.

"भेटत राहूया हं," सगळे सगळ्यांना म्हणाले. फर्निचरशेठ म्हणाले, "दुकानात या काका." मोबाइलवर एक ग्रुप झाला. त्यावर काही दिवस फुलं आली, सुविचार आले, मग तेही कमी झाले. काका एकदा शेठच्या दुकानात गेलेही. शेठ गिऱ्हाइकाशी सोफ्याचं बोलत होते. त्यांनी लांबूनच हात केला, काकांनीही केला, आणि थोडा वेळ कपाटं बघून काका परत आले.

काम सुरू झालं आणि ठरल्याप्रमाणं झपाट्यानं उरकलं. ज्या दिवशी अडथळे काढले, त्या दिवशी काका पुलावर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. गर्दी ओसरल्यावर एका संध्याकाळी गेले. पलीकडे त्यांचं काही काम नव्हतं, पण निदान एकदा जाऊन यावं म्हणून.

पलीकडच्या पायऱ्या उतरल्या तर खालच्या बाकावर नर्सताई बसलेली. शेजारी स्वच्छ कपड्यांतले एक म्हातारे गृहस्थ, गुडघ्यावर हात ठेवून, रस्त्याकडे बघत.

"काका," ताई उठलीच. "अहो, कुठं आहात कुठं? बाबा, हे आमच्या सभेतले काका."

म्हाताऱ्यांनी मोठ्या अदबीनं हात जोडले. "बसा ना. आमची मुलगी येईलच इतक्यात. रोज येते पुलावरून. चहा फार छान करते."

ताईनं त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली. "येईल हं," ती त्यांना म्हणाली. मग काकांना हळू आवाजात सांगितलं, "मला बाईच म्हणतात आता. अगदी आत्ता आत्तापर्यंत ओळखत होते हो. पूल उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा नावानं हाक मारली, ती शेवटची. आता मी दोनदा येते, तीनदाही येते. पण त्यांची मुलगी काही येत नाही." ती हसली, डोळे पुसले. "जाऊ दे. यात कुणाचा काय दोष."

दोन-तीन आठवडे. काकांना हिशेब करावा लागला नाही. दांड्याचा एक शनिवार, दिव्यांचा एक, पाण्याचा एक.

"चला ना घरी," ताई म्हणाली. "हे काय, समोरच आहे. बाबांनाही कुणीतरी बोलायला हवंच असतं, तुम्ही येत जा हो अधूनमधून. मी चहा टाकते, या."

"या, या," म्हातारेही उठायला लागले. "संकोच करू नका."

किती वर्षं झाली असतील कुणी घरात या म्हणाल्याला. नुसतं दार उघडून नव्हे, चहा टाकते म्हणून, येत जा म्हणून. काकांनी आयुष्यभर दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि पाय पुढं टाकायचा तर तो उचलेना.

"नको ताई, घाईत आहे जरा," ते म्हणाले, आणि कुणीही वाट बघत नसलेल्या आपल्या घराकडे भराभरा चालायला लागले.